ड्यूटी, देव आणि इनटेक-आउटपुट चार्ट

रात्रपाळी (धागाकर्ती) | मंगळवार, दुपारी 3.10

नमस्कार मंडळी. पाककृती आणि कुंडीतली बाग हे दोन विभाग सोडले तर मी इथे कधी लिहिलेलं नाही. आज नाइट करून आले, कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, टँकर उद्या येणार, झोप लागत नाही. म्हणून लिहिते.

मी नागपूरची. खलाशी लाइनमध्ये वाढले, आता जरीपटक्याला राहते. 22 वर्षं स्टाफ नर्स आहे. कुठे ते विचारू नका. आम्ही ख्रिस्ती, माझी चौथी पिढी.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. नागपूरचा मे काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको. वॉर्डात 38 पेशंट, त्यात उन्हाने आडवे झालेले बरेच, आणि आम्ही सिस्टर दोघीच. पहाटे पावणेचारच्या सुमारास 14 नंबरच्या आजोबांच्या युरोबॅगचं माप घ्यायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पलंगाच्या कडेला खाली लघवीची पिशवी लटकते. ती भांड्यात रिकामी करायची, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा बघायचा आणि चार्टवर लिहायचा. पोटात किती गेलं, बाहेर किती आलं. किडनी काम करते की नाही, ते यावरून कळतं. त्यासाठी पूर्ण वाकावं लागतं. माझी कंबर वाकायला तयार नव्हती. आदल्या दोन रात्रींचे आकडे 280 आणि 320 होते. मी 300 लिहिलं. न मोजता. पिशवी सकाळच्या मावशीने रिकामी केली.

सकाळी राउंड झाला. डॉक्टरांनी चार्ट पाहिला, मान हलवली, पुढे गेले. आजोबा तीन दिवसांनी चालत घरी गेले. नातवाने पेढे वाटले, मलाही एक मिळाला.

म्हणजे काहीच झालं नाही. आणि तेच मला लागलं. काही बरंवाईट झालं असतं तर रडले असते, कबूल केलं असतं, मेमो घेतला असता. पण खोटा आकडा खऱ्याच्या जागी बिनबोभाट चालून गेला. मग 22 वर्षं वाकून वाकून जे खरे आकडे लिहिले, त्यांना कोण विचारतं? डिस्चार्ज झाला की कागद फाइलीत, फाइल रेकॉर्ड रूममध्ये, आणि रेकॉर्ड रूममध्ये उंदीर.

लहानपणी आजी आम्हा भावंडांना ओळीत बसवून प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची. पहिलाच प्रश्न: माणसाच्या जन्माचा मुख्य हेतू काय? उत्तर: देवाचा गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणे. न अडखळता म्हटलं की एक शंकरपाळा. आठव्या वर्षी मला माझ्या जन्माचा हेतू तोंडपाठ होता. 46व्या वर्षी त्या पिशवीसमोर आठवेना.

तर विचारायचं ते हे: तुम्ही जे रोज करता, जे कोणी बघत नाही, त्यात जीव कशाने येतो? मी चर्चला नेमाने जाते, पण तिथे हा प्रश्न विचारायची सोय नसते. तिथे सगळे "प्रभूच्या कृपेने बरं चाललंय" म्हणतात. मीही म्हणते.

---

तर्रीपोहे | मंगळवार, दुपारी 3.42

आवो ताई, काय लिवलं तुमी! पेढ्याशी वाचता वाचता मी थांबलोच ना बाप्पा. माहा बुढा सात दिवस असाच भरती होता. रातच्याले एक सिस्टर वाकून वाकून पाहे. आमाले वाटे, ही काय पाहून रायली सारखी. आता समजलं. माह्यापाशी उत्तर गित्तर काही नाही, पन तुमी कूलरले पाणी नसन तं ओली चादर दारावर टाका अन् झोपा आधी.

---

शून्याधारित | मंगळवार, सायं. 5.05

धागा प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिक उत्तर. मॅडम, तुमच्या प्रश्नाला देव लागतच नाही. 300च्या जागी 60 असते तर आजोबा गेले असते. शंभरात 99 वेळा आकडा बिनकामाचा असतो, शंभराव्या वेळी जीव वाचवतो. कोणती वेळ शंभरावी हे आधी कळत नाही, म्हणून रोज मोजायचे. एवढा अर्थ पुरे आहे. त्यावर कोणीतरी वरून बघतो आहे हे कलम कशाला? देव म्हणजे वॉर्डातला सीसीटीव्ही का?

---

जुनी_वही | मंगळवार, रात्री 9.20

आजीच्या प्रश्नोत्तरांवरून राहवले नाही. ती वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरावली. 1647 साली लंडनमध्ये तयार झाली, एकूण 107 प्रश्न, आणि पहिला अगदी तुम्ही लिहिला तोच. स्कॉटलंडच्या चर्चने ती उचलली आणि तिथल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या घोकली. खलाशी लाइनपर्यंत ती कशी आली असेल? नागपुरात पहिले मोठे मिशन स्कॉटिश होते. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमधून फुटून फ्री चर्च निघाले आणि त्याच्या वतीने रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले. 1883 मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला त्यांचेच नाव आहे.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. हा माणूस धर्मोपदेशक खरा, पण दगड वेचायचा. नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा करून त्यांवर लिहायचा. एका हिरवट कॅल्साइटला हिस्लॉपाइट नाव पडले ते त्याच्यावरूनच. गोंडांच्या बोलीची आणि गाण्यांची टिपणेही काढत असे. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे बघायला गेला आणि परतताना पुराच्या पाण्यात बुडून मेला. टिपणे घरी पडलेली. 1866 मध्ये मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने ती छापली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. मध्य प्रांतातल्या आदिवासींवर काम करणाऱ्यांना ती आजही चाळावी लागतात.

रात्री कंदिलाखाली गोंडी शब्द उतरवताना, हे कोण वाचणार, असे त्याला वाटले नसेल का? नसेल तर का नसेल? रात्रपाळीताईंच्या प्रश्नाला ही पळवाट नाही, जोड आहे.

---

तर्रीपोहे | मंगळवार, रात्री 9.31

हिस्लॉपमधी मी तीन वर्सं होतो. दगडं आमी बी लय पाह्यले, कॅन्टीनच्या पायरीचे. पन नाव कोनाचं हाय ते आज समजलं.

---

मेकोसाबागकर | मंगळवार, रात्री 10.15

ताई, प्रभूमध्ये सलाम. निराश होऊ नका. सैतान थकलेल्या माणसावरच हल्ला करतो. बायबलमधले कलस्सैकरांस पत्र 3:23 वाचा. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. उत्तर तिथेच आहे. आमच्या मंडळीत शुक्रवारी उपास-प्रार्थना असते, अवश्य या.

---

दीपभव | मंगळवार, रात्री 11.48

वरच्या वचनाबद्दल दोन शब्द. मी ख्रिस्ती नाही, पण घरात वाचायची सवय आहे. 23व्या ओवीच्या वर 22वी आहे. ती सुरूच "दासांनो" अशी होते. म्हणजे हा सल्ला गुलामांना दिलेला आहे: मालकाच्या आज्ञेत राहा, देवासाठी म्हणून राबा. आजच्या भाषेत सांगायचे तर कंत्राटी सिस्टरला सांगायचे की पगार तीन महिने थकला तरी हरकत नाही, तू तर प्रभूसाठी काम करतेस. हा अर्थ कोणाच्या सोयीचा आहे?

मी ज्या घरातला आहे त्या घरातले आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. वामनराव टिळकांसारखे विद्वान ब्राह्मण ख्रिस्ती झाले त्याचे कौतुक खूप होते. गावकुसाबाहेरचे जे झाले त्यांना कोणी विचारत नाही. 1950 च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीतून बाहेर ठेवले, ते आजही बाहेरच आहेत. आम्हा बौद्धांचा समावेश व्हायलाही 1990 उजाडले. तेव्हा ताई, तुमच्या मंडळीत जात गेली का, हेही सांगा. जन्माचा हेतू पाठ असणे वेगळे.

अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. काम कोणाला लुबाडत नाही ना, दुःख कमी करते ना, एवढे बघायचे. तुमचे काम त्यात शंभर टक्के बसते. त्यासाठी बघणारा कोणी नसला तरी चालतो. कटू वाटल्यास क्षमस्व, पण तुम्ही खरे लिहिलेत म्हणून मीही खरे लिहिले.

---

जुनी_वही | बुधवार, सकाळी 7.02

किरकोळ दुरुस्ती: वामनराव नव्हेत, नारायण वामन टिळक. धर्मांतरापूर्वी ते काही काळ नागपुरातच होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत. ज्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला तो नाशिक ते राजनांदगाव, म्हणजे गाडी आपल्या नागपूरवरूनच गेली. बाप्तिस्मा 1895, मुंबईत. बाकी दीपभव यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते द्यायचा अधिकारही माझा नाही.

---

संपादक | बुधवार, सकाळी 8.30

धागा चांगला चालला आहे, तसाच राहू द्या. धर्मप्रचार आणि धर्माची टवाळी दोन्ही उडवले जाईल. दोन प्रतिसाद उडवले आहेत, कारण विचारायला निरोप पाठवू नयेत.

---

पांढरी_ओढणी | बुधवार, सकाळी 11.15

मी कंत्राटीच आहे. वय 26. दीपभव दादांनी लिहिलं ते तंतोतंत. आमच्याकडे एक मोठ्या मॅडम पगाराचं विचारलं की म्हणतात, "नर्सिंग ही सेवा आहे, बाळा." सेवा आहे तर घरमालकाला पण सांगा ना. मीही ख्रिस्ती आहे आणि हे वचन हॉस्टेलच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं, मेसच्या दाराशीच. तेव्हापासून ते वाचलं की मला पातळ वरणाचा वास येतो.

तरी एक सांगते. ते वचन मला नको असलं तरी माझ्या हातातून जात नाही. आयव्ही लावताना शीर सापडत नसली की मी तोंडातल्या तोंडात "प्रभू, ही एकदाच" म्हणते. दर वेळी एकदाच.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी 2.50

टँकर आला. अंघोळ झाली. आता एकेकाला.

शून्याधारित: तुमचं शंभराव्या वेळेचं मला पटतं. नव्या मुलींना मी स्वतः हेच शिकवते. पण पहाटे पावणेचारला ते हिशेबाचं वाटतं, आणि हिशेब केला की मन म्हणतं, आज ती शंभरावी नसेल. त्या रात्री मी हाच हिशेब केला होता. तो बरोबरही आला. अडचण तीच आहे.

सीसीटीव्हीचं. तो आमच्या कॉरिडॉरमध्ये आहे आणि गेल्या दिवाळीपासून बंद आहे, ते सगळ्या स्टाफला माहीत आहे. असो. तुम्ही चर्चमधला नाताळचा कार्यक्रम कधी पाहिला नसेल. संडे स्कूलची पोरं. एखादं पाच वर्षांचं पोर मेंढपाळ झालेलं असतं, डोक्याला टॉवेल, हातात वडिलांची काठी. त्याला एकच वाक्य असतं. ते स्टेजवर येतं आणि आधी समोरच्या गर्दीत आई कुठे आहे ते शोधतं. सापडेपर्यंत वाक्य बाहेर पडत नाही. आई काही परीक्षक नसते, चूक पकडायला बसलेली नसते. ती नुसती बघत असते आणि पोराचे शब्द तिच्याही ओठांवर हलत असतात. देव बघतो असं मी म्हणते तेव्हा मला ते बघणं म्हणायचं असतं. त्या रात्री मी गर्दीत पाहिलं आणि आई दिसली नाही, असं झालं. ती नव्हती, की माझेच डोळे मिटत होते, ते सांगता येत नाही.

मेकोसाबागकर दादा, बोलावल्याबद्दल आभार. सैतानाचं मला वाटत नाही. कंबर आणि स्टाफची कमतरता, दोघं पुरेसे आहेत.

दीपभव दादा, क्षमा कशाला मागता. तुम्ही विचारलं, जात गेली का. नाही गेली. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच प्याल्याला ओठ लागतात आणि मुलीचं स्थळ बघताना "मूळचे कुठले" असा प्रश्न येतो. तो का येतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. आमचं मूळ गाव कुणी विचारलं की आई जिल्ह्याचं नाव सांगायची, गावाचं नाही. याहून जास्त इथे लिहिणार नाही.

दासांचं मात्र मी रात्री पुन्हा वाचलं. तुमचं बरोबर आहे, वचन गुलामांनाच आहे. पण मग माझ्या लक्षात आलं की त्याच पत्रात शेवटी अनेसिमाचं नाव येतं, "तो तुमच्यातलाच आहे" म्हणून. अनेसिम हा गुलाम. फिलेमोनाच्या घरातला, मालकापासून दूर गेलेला. त्याच्यासाठी पौलाने, म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्यानेच, फिलेमोनाला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, अगदी एका पानाची: याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. म्हणजे ज्या मंडळीत "दासांनो" असं मोठ्याने वाचलं जात होतं, तिथेच हा माणूस उभा असणार. गुलामी मोडा असं पौलाने लिहिलं नाही, हे खरंच आहे, आणि ते मला खुपतं. पण "दासांनो" म्हणून थेट त्याच्याशीच बोलायचं, मालकामार्फत नाही, हेही त्या काळी थोडं नव्हतं. पुढच्याच अध्यायाची पहिली ओळ मालकांना आहे: दासांशी न्यायाने आणि समतेने वागा. ती ओळ फ्रेम केलेली मी कुठल्या मेसमध्ये पाहिली नाही.

पांढरी ओढणी, बाळा (सॉरी, पण माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे), तुझ्या मोठ्या मॅडमना याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय दाखव. चौथी ओवी. शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असं स्वच्छ लिहिलंय. सेवा आहे म्हणून पगार मागायचा नाही, असं शास्त्रात कुठे नाही.

---

पांढरी_ओढणी | बुधवार, दुपारी 3.04

स्क्रीनशॉट घेतला 😄

---

टेकडीवरचे_काका | बुधवार, रात्री 8.40

मी कॅथलिक, निवृत्त शिक्षक. सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी राहतो. (ज्या टेकडीवर सगळे नागपूर पहाटे फिरायला येते तिला नाव कोणत्या सेमिनरीमुळे पडले, हे फिरणाऱ्यांना विचारून बघा. सेंट चार्ल्स, पुरोहितांचे विद्यालय. दहापैकी आठ जण जपानी बागेबद्दल सांगतील.)

मुद्द्याकडे येतो. रात्रपाळी, "आई दिसली नाही" यावर एक जुना नेम सांगतो. स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला मुळात सैनिक. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळा पायावर बसला, महिनोन्‌महिने अंथरुणात. तिथे त्याला आपल्याच मनाकडे बघायची सवय लागली. पुढे त्यातून जो नेम निघाला त्याला एक्झामेन म्हणतात. अवघड काही नाही. झोपायच्या आधी दिवस पुन्हा एकदा सावकाश डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. आधी आभार, मग नजर. कुठे जीव लागला, कुठे जीव उडाला, एवढेच बघायचे. स्वतःला गुण द्यायचे नाहीत. शिक्षक असल्यामुळे मला सगळ्यात जड गेले ते हेच. पहिली दोन वर्षे मी रोज रात्री स्वतःला शंभरपैकी मार्क देत होतो आणि रोज नापास होत होतो. आमचे जुने फादर म्हणाले, "अहो सर, पेपर तपासू नका. वही उघडून नुसती वाचा."

तुम्ही 300 लिहिले, ती रात्र अशी वाचून बघा. मला उत्सुकता आकड्याबद्दल नाही. त्याच रात्री उरलेल्या 37 जणांचे माप तुम्ही घेतलेत की नाही?

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री 9.12

सगळ्यांना पिशवी नसते काका, अकरा जणांना होती. दहा मोजले. हे मी मोजलंच नव्हतं.

---

मळेकरी | गुरुवार, सकाळी 6.30

आमचे घर वारकरी. आजोळ काटोलकडचे, संत्र्याची बाग. बाकीच्या चर्चेत मला गम्य नाही, पण हे वाचताना सारखे सावता माळी आठवत होते. पंढरपूर जवळ असून ते वारीला गेले नाहीत असे सांगतात, त्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला. आमचे आजोबा मात्र वारीलाही जायचे आणि बागेलाही पाणी द्यायचे. कोणते महत्त्वाचे असे विचारले तर म्हणायचे, संत्र्याच्या आंब्या बहराला पाणी चुकले तर विठ्ठलही काही करू शकत नाही.

ते झाडाचे आळे स्वतः साफ करत. मजूर होते तरी. आळ्यातले तण काढताना झाडाशी बोलत. आम्ही हसायचो.

---

शून्याधारित | गुरुवार, दुपारी 1.25

मी मिहानमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. गेल्या तिमाहीत 40 टेस्ट केसेस न चालवता "पास" लिहिल्या. काही झाले नाही. अजून तरी.

माझे म्हणणे बदललेले नाही, देव लागत नाही. पण परवा मी हा धागा बंद करून झोपलो आणि रात्री दोनला उठून त्यातल्या सहा चालवल्या. दोन फेल आहेत. आता लीडला काय सांगू हा वेगळा धागा होईल.

---

तर्रीपोहे | गुरुवार, दुपारी 1.33

भाऊ, काढा काढा, धागा काढा. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

दीपभव | गुरुवार, रात्री 10.05

ताई, अनेसिमाचे माहीत नव्हते, वाचीन. तुमच्या आईने गावाचे नाव सांगितले नाही, ते वाचून थोडा वेळ काही टाइप करता आले नाही. माझ्या आजीनेही नवी बदली झाली की नव्या शेजारणीला कधी आडनाव सांगितले नाही. नुसते "कामठीवाल्या बाई" म्हणा म्हणायची.

विहारात आम्ही वाचन करतो. परवा सम्यक आजीविकेवर बोलायची पाळी माझी आहे. तुमचा चार्ट त्यात घेऊ का? नाव येणार नाही.

---

रात्रपाळी | शुक्रवार, सायं. 6.20

घ्या, अवश्य घ्या. आकडा तेवढा 300 च सांगा.

शेवटचं लिहिते, साडेसातची बस आहे.

काल मी आमच्या इनचार्ज सिस्टरना सांगितलं. तीन आठवडे झाले होते, तरी सांगितलं. वाटलं होतं ओरडतील, मेमो देतील. त्यांनी रजिस्टरमधून डोकं वर काढलं आणि म्हणाल्या, "अगं, त्या रात्री दोघीच होतात ना तुम्ही?" आणि पुन्हा खाली बघून लिहायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुन्हा करू नकोस. आणि कंबरेचा पट्टा लाव." बस, एवढंच. माफी म्हणावी तर माफी, नाही तर ड्यूटी लिस्ट. चाळीस वर्षांची चर्चची उपासना एकीकडे आणि ते "पट्टा लाव" एकीकडे.

वडिलांची आठवण झाली. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या चर्चेस मिळून उत्तर भारत मंडळी झाली. ती इथेच, नागपुरात. बाहेरगावचे बिशप, पाहुणे, मोठा सोहळा. वडील तेव्हा विशीत, स्वयंसेवक. आम्ही लहानपणी विचारायचो, बाबा, काय झालं होतं त्या दिवशी, कोण काय बोललं? ते म्हणायचे, "भाषणं काही ऐकली नाहीत. मी खुर्च्या लावत होतो." हे ते तक्रारीने कधीच सांगायचे नाहीत. उलट किती रांगा, किती खुर्च्या, कुठल्या खुर्चीचा पाय मोडका होता आणि तिच्यावर कोण बसू नये म्हणून ते स्वतः कसे बसले, हे सगळं सांगायचे. मला वाटायचं, बाबांना महत्त्वाचं काही दिसलंच नाही.

बायबलमधलं उपदेशकाचं पुस्तक मी या आठवड्यात पुन्हा काढलं. सूर्याखाली माणूस जे श्रम करतो त्यात त्याला काय लाभ, असं तो पहिल्याच पानावर विचारतो. (सूर्याखाली म्हणजे काय ते नागपुरात मे महिन्यात वाचावं.) सगळं व्यर्थ म्हणतो. आणि मधेच, काही सिद्ध न करता म्हणतो, खा, पी, श्रमात सुख मान, हे देवाचं देणं आहे. पूर्वी मला ते तुटक वाटायचं. वरचा प्रश्न सोडवलाच नाही की त्याने, असं वाटायचं.

काका, तुमचा नेम दोन रात्री केला. पहिल्या रात्री आभारांपर्यंत पोचले आणि झोपले.

एक नवीन चाळा लागलाय. माप घेतलं की आकडा मी पेशंटला मोठ्याने सांगते. झोपलेला असला तरी. काल 9 नंबरला एक म्हातारी होती, हिंगण्याकडची. अडीच वाजता मी वाकले, पट्टा लावून, आणि हळूच म्हटलं, "आजी, 240." त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "बरं हाय का थे?" मी म्हटलं, "बरं आहे." त्या म्हणाल्या, "मंग लिव."

चला, बस चुकेल.